थ्रॉटलच्या दांडीवर रिव्हर्स थ्रस्ट बसवायचा, तर आधी आयडल शोधा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सिम्युलेटरमध्ये पुण्याच्या धावपट्टीवर एअरबस ए३२० उतरवलं. टेकलं छान, म्हणजे माझ्या मानाने छान. थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाची ताकद कमीजास्त करणारी, दांडी मागे ओढली, तळाच्या खाचेतून ती 'खट्' करून खाली गेली. मग रिव्हर्स (टेकल्यावर विमान आवरायला इंजिनाचा उलटा जोर) वाढवायला दांडी पुन्हा पुढे ढकलली आणि विमान थांबायचं सोडून पळायलाच लागलं. धावपट्टी संपली, गवत संपलं, कुंपणही संपलं.

दोष विमानाचा नव्हता आणि दांडीचाही नव्हता. खाचेखालच्या बटणाला मी 'टॉगल' नेमलं होतं. खाचेतून जाताना ते बटण एकदा लागलं, क्षणभर सुटलं आणि परत लागलं. टॉगल म्हणजे बेडस्विच. एकदा दाबला की दिवा लागतो, दुसऱ्यांदा दाबला की जातो. रिव्हर्स चालू झाला आणि लगेच बंदही झाला, आणि पुढे ढकललेली दांडी इमानदारीने टेकऑफची ताकद देत राहिली.

त्यानंतर तीन-चार रात्री याच एका गोष्टीवर घालवल्या. त्यातून कळलं ते एवढंच की रिव्हर्सच्या बहुतेक कटकटी रिव्हर्समध्ये नसतातच. आयडल (इंजिन चालू, पण ताकद किमान, ती दांडीची जागा) नेमका कुठे आहे यावर तुमची दांडी आणि सिम्युलेटर यांचं एकमत नसतं, आणि पुढचं सगळं रामायण तिथून घडतं. म्हणून या लेखात बटणं नेमण्याआधी आयडल शोधण्यावर जास्त वेळ घालवला आहे. घाई असेल तरी तो भाग सोडू नका.

कॉकपिटमध्ये दांडी काय करते

रिव्हर्स म्हणजे इंजिन उलटं फिरणं नव्हे. जेट इंजिन त्याच दिशेने फिरत राहतं, फक्त पंख्याची हवा मागे जायची ती अडवून पुढच्या बाजूला वळवली जाते. सीएफएम५६ इंजिनाच्या ए३२० वर त्यासाठी इंजिनाच्या कडेने चार दारं उघडतात. बोइंग ७३७ वर इंजिनाच्या आवरणाचा मागचा भाग मागे सरकतो आणि मधल्या जाळीतून हवा बाहेर पडते. हे हलायला एक-दोन सेकंद जातात आणि तोवर वैमानिकाला ताकद वाढवता येत नाही. सिम्युलेटरमध्ये रिव्हर्स 'उशिरा लागतो' अशी तक्रार करण्यापूर्वी हे लक्षात ठेवा.

आपल्या कामाचा फरक दांड्यांत आहे. एअरबसवर प्रत्येक इंजिनाला दांडी एकच. पुढे टोगा (पूर्ण ताकद), मग फ्लेक्स (टेकऑफची थोडी कमी ताकद), मग क्लाइंब (चढतानाची), मग आयडल, अशा तिला खाचा असतात. आयडलला आल्यावर दांडीच्या पुढच्या बाजूचा छोटा खटका बोटांनी उचलायचा आणि तीच दांडी आणखी मागे न्यायची. आधी रिव्हर्स आयडल येतो, शेवटी फुल रिव्हर्स. म्हणजे पुढे आणि उलट हे दोन्ही एकाच प्रवासाचे टप्पे आहेत.

बोइंगवर मुख्य दांडीच्या माथ्यावर वेगळी छोटी दांडी असते. मुख्य दांडी आयडलला असल्याशिवाय छोटी उचलता येत नाही. छोटी वर ओढाल तेवढा रिव्हर्स वाढतो. मुख्य दांडी तिथेच थांबलेली असते.

टर्बोप्रॉप विमानांचं तिसरंच. एटीआर ७२ असो की सेस्ना कॅरॅव्हॅन, तिथे दांडी फ्लाइट आयडलच्या खाली नेली की पंख्याच्या पात्यांचा कोन बदलतो. आधी ओढ जवळपास शून्य होते, आणखी मागे नेलं की पाती उलट्या दिशेने हवा ढकलतात. आयडलखालच्या या पट्ट्याला बीटा म्हणतात.

तुमच्या टेबलावरची दांडी यांपैकी कशासारखी आहे, त्यावर पुढची पद्धत ठरते.

दांडी खाचेखाली काय पाठवते ते आधी बघा

सिम्युलेटर उघडू नका. विंडोजमध्ये रनच्या चौकटीत जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) टाइप करून एंटर दाबा. जोडलेल्या कंट्रोलरची यादी येईल. तुमचा थ्रॉटल निवडून प्रॉपर्टीज उघडा. तिथे प्रत्येक अक्षाची, म्हणजे दांडीच्या सलग हालचालीची, पट्टी आणि बटणांचे लाल गोळे दिसतात.

आता दांडी सगळ्यात वर न्या आणि सावकाश खाली आणत खाचेवर थांबवा. पट्टी कुठे आहे बघा. मग खाचेतून खाली न्या आणि तिथेच धरून ठेवा. तीनपैकी एक गोष्ट दिसेल.

पट्टी खाचेवरच तळाला गेलेली असते आणि खाली नेल्यावर एक लाल गोळा लागतो. म्हणजे खाचेखाली तुमच्याकडे फक्त बटण आहे. लॉजिटेकचा तीन दांड्यांचा क्वाड्रंट (थ्रॉटलच्या दांड्यांचा डबा) या जातीचा आहे. त्यात डावीकडून उजवीकडे खाचेखालची बटणं ७, ८ आणि ९ असतात. हनीकोम्ब ब्राव्होही याच जातीचा. त्याच्या एअरलायनर दांड्यांवर उचलायच्या छोट्या मुठीही आहेत, पण त्याही बटणंच आहेत. कितीही हळू उचला, मधलं काही मिळत नाही.

किंवा पट्टी खाचेवर तळाला पोचलेलीच नसते आणि खाली नेल्यावर आणखी सरकते. म्हणजे रिव्हर्स अक्षावरच आहे. थ्रस्टमास्टरचा टीसीए एअरबस क्वाड्रंट असा चालतो.

किंवा खाचच नाही. जॉयस्टिकच्या बुडाशी असते तशी साधी सरकपट्टी, वर पूर्ण ताकद आणि खाली आयडल. पुष्कळांकडे हेच असतं आणि त्यात कमीपणा काही नाही, रिव्हर्स यावरही नीट बसतो.

एक गोष्ट इथेच तपासा. दांडी खाचेवर ठेवून हात काढून घ्या आणि दहा सेकंद पट्टीकडे बघत बसा. ती थरथरते का? स्वस्त किंवा जुन्या क्वाड्रंटमध्ये आत दांडीची जागा मोजणारा पोटेन्शिओमीटर असतो. त्याच्यात धूळ गेली किंवा तो झिजला की आकडा नाचत राहतो. माझा तीन दांड्यांचा सेकंडहँड डबा असाच होता. मधली दांडी स्थिर, डावी मात्र सतत थरथरणारी. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला, दांडी वीस-तीस वेळा वरखाली केली, फरक पडला. पूर्ण गेली नाही. अशी थरथर असेल तर पुढे आयडलभोवतीचा पट्टा थोडा रुंद ठेवावा लागतो.

सिम्युलेटरच्या डोक्यात काय आहे

हे वाचायला कंटाळवाणं आहे, पण एकदा कळलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये (एमएसएफएस) थ्रॉटलची आज्ञा आकड्यात जाते. ० म्हणजे आयडल, १६३८३ म्हणजे पूर्ण ताकद. रिव्हर्स म्हणजे शून्याखालचा आकडा, आणि साधारण जेट विमानात तो −४०९६ पर्यंत जातो, पुढच्या प्रवासाच्या पाव हिस्सा. हा पाव हिस्सा विमानाच्या इंजिनाच्या फाइलमध्ये किमान थ्रॉटलची मर्यादा म्हणून −०.२५ असा लिहिलेला असतो.

ज्या विमानाला रिव्हर्स नाही त्याच्या फाइलमध्ये तिथे शून्य असतं. सेस्ना १७२ ला रिव्हर्स नाही. मी एक अख्खी संध्याकाळ १७२ मध्ये बसून बटणं बदलत होतो, हे कबूल करायला लाज वाटते. तुम्ही चाचणी जेटवर किंवा टर्बोप्रॉपवरच घ्या.

आता अक्षावर रिव्हर्स असलेल्या दांडीचा घोळ बघा. समजा तळ −१ आहे, माथा +१ आहे आणि तुमची आयडलची खाच −०.५० वर येते. सिम्युलेटरला खाच माहीत नसते. तो तळाला शून्य आणि माथ्याला शंभर टक्के धरतो. −०.५० ही जागा तळापासून पाव अंतरावर आहे, म्हणून दांडी आयडलच्या खाचेत असताना इंजिनाला २५ टक्के ताकद मिळते आणि फुल रिव्हर्सला नेलं की मिळतो आयडल. 'माझं विमान टॅक्सी करताना थांबतच नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

खाचेखाली बटण असेल तर

एमएसएफएस २०२० मध्ये ऑप्शन्समधून कंट्रोल्स उघडा. वर थ्रॉटलचं नाव निवडा, फिल्टर 'ऑल' करा आणि शोधाच्या चौकटीत आधी 'थ्रॉटल' टाका. २०२४ च्या आवृत्तीत विमानागणिक वेगळं प्रोफाइल करता येतं, ती सोय जरूर वापरा. कॅरॅव्हॅनला चालतं ते एअरबसला चालेलच असं नाही.

पहिलं काम साफसफाईचं. सिम्युलेटर ओळखीच्या कंट्रोलरला स्वतःहून काही जोडण्या करून ठेवतो. तुमच्या जॉयस्टिकवरही एक सरकपट्टी असते आणि तीही गुपचूप थ्रॉटलला जोडलेली असते. दोन मालक झाले की विमान कुणाचंच ऐकत नाही. जॉयस्टिकच्या प्रोफाइलमधली थ्रॉटलची जोडणी काढून टाका.

मग पुढच्या क्रमाने जा.

१. पहिल्या दांडीचा अक्ष 'थ्रॉटल १ ॲक्सिस'ला आणि दुसरीचा 'थ्रॉटल २ ॲक्सिस'ला द्या. दोन्ही इंजिनं एकाच दांडीवर हवी असतील तर नुसतं 'थ्रॉटल ॲक्सिस'. दांडी पुढे ढकलल्यावर पडद्यावरची विमानातली दांडीही पुढे जाते ना, बघा. उलटी जात असेल तर 'रिव्हर्स ॲक्सिस'चा चौकोन आहे. या चौकोनाचा रिव्हर्स थ्रस्टशी काडीचा संबंध नाही, तो फक्त दिशा उलटवतो. नावामुळे फसलेले पुष्कळ भेटतात.

२. खाचेखालच्या पहिल्या बटणाला 'डिक्रीज थ्रॉटल १' द्या, दुसऱ्याला 'डिक्रीज थ्रॉटल २'. जुन्या फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये एफ २ ची कळ दाबून धरली की ताकद आयडलला येऊन मग रिव्हर्समध्ये उतरायची. ही तीच आज्ञा. दांडी खाचेखाली असेपर्यंत बटण दाबलेलं राहतं आणि आकडा शून्याखाली पायरीपायरीने उतरत जातो.

३. त्याच बटणाला 'थ्रॉटल १ कट' दुसऱ्या आज्ञेच्या रूपात द्या, पण 'ऑन रिलीज'चा चौकोन भरून. म्हणजे दांडी खाचेबाहेर आली, बटण सुटलं, की थ्रॉटल आयडलला. हे नसेल तर दांडी खाचेवर परत आणल्यावरही सिम्युलेटर रिव्हर्समध्ये अडकून राहू शकतो, कारण अक्षाचा आकडा तेव्हा बदललेलाच नसतो. दांडी किंचित पुढे केल्यावरच त्याला जाग येते. दुसऱ्या दांडीलाही हेच करा.

आता 'टॉगल' आणि 'होल्ड' या दोन आज्ञांबद्दल. यादीत 'टॉगल थ्रॉटल रिव्हर्स थ्रस्ट' आणि 'होल्ड थ्रॉटल रिव्हर्स थ्रस्ट' अशा दोन ओळी दिसतील आणि पहिला मोह त्यांचाच होतो. दोन्हींचा अर्थ असा, की रिव्हर्स चालू असताना दांडी पुढे ढकलाल तसा उलटा जोर वाढतो. खाचेखालच्या बटणावर 'होल्ड' दिलं तर दांडी तळाला, म्हणून जोर कमीच, आणि जोर वाढवायला दांडी वर नेली की बटण सुटतं. म्हणून खाचेखाली 'होल्ड'चा फारसा उपयोग नाही. आणि 'टॉगल' खाचेखाली दिलं तर काय होतं ते वर सांगितलंच आहे, कुंपणासकट.

ब्राव्होच्या उचलायच्या मुठींना मात्र 'होल्ड' छान बसतं. एका बोटाने मूठ उचलून धरायची, मुख्य दांडी पुढे सारायची. खऱ्या बोइंगमध्ये मुख्य दांडी हलत नाही, त्यामुळे हे अस्सल नाही. पण जोर कमीजास्त करता येतो, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

अक्षावरच रिव्हर्स असेल तर

इथे खरा आनंद आहे, पण बारकावेही इथेच. उदाहरण फ्लायबायवायरच्या मोफत ए३२० निओचं घेतो, कारण त्यात कॅलिब्रेशनचं (दांडीच्या जागा मोजून नोंदवायचं) पान विमानातच आहे आणि एकदा समजलं की दुसऱ्या विमानांचं पानही ओळखीचं वाटतं.

सिम्युलेटरच्या कंट्रोल्समध्ये दोन्ही दांड्या 'थ्रॉटल १ ॲक्सिस' आणि 'थ्रॉटल २ ॲक्सिस'ला जोडा. सेन्सिटिव्हिटीची रेघ सरळ ठेवा, डेडझोन (दांडी हलूनही काही होत नाही तो पट्टा) शून्य. खाचेखालच्या किंवा खाचांवरच्या बटणांना रिव्हर्सची कुठलीही आज्ञा असेल तर काढा. मग विमानात बसा, फ्लायपॅड (कॉकपिटमधला टॅब्लेट) उघडा, सेटिंग्जमधून सिम ऑप्शन्स आणि तिथून थ्रॉटलचं कॅलिब्रेशन.

'रिव्हर्सर ऑन ॲक्सिस' चालू करा. 'इंडिपेंडंट ॲक्सिस'ही चालू करा, म्हणजे दोन्ही दांड्या वेगवेगळ्या मोजल्या जातात. आता डावीकडे खाचांची यादी दिसते: टोगा, फ्लेक्स, क्लाइंब, आयडल, रिव्हर्स आयडल, फुल रिव्हर्स. एकेक निवडायची, दांडी त्या खाचेत ठेवायची, हात काढायचा आणि आकडा तिथून उचलायला सांगायचा. हात काढायचा हे मुद्दाम लिहिलं. हाताच्या वजनाने दांडी केसभर दबते आणि आकडा खोटा येतो.

प्रत्येक खाचेला एक पट्टा असतो, आकड्याच्या दोन्ही बाजूंना इतकं अंतर ती खाचच समजायची असा. सुरुवातीला तो ०.०५ असतो. माझ्या उजव्या दांडीचा आयडल −०.५० वर आला आणि रिव्हर्स आयडल −०.५८ वर. आता हिशेब करा. आयडलचा पट्टा −०.५५ ते −०.४५. रिव्हर्स आयडलचा −०.६३ ते −०.५३. म्हणजे −०.५३ ते −०.५५ ही जागा दोघांचीही. दांडी तिथे आली की विमानाने काय समजायचं? दोन्हींचे पट्टे ०.०३ केले, मग आयडल −०.५३ ते −०.४७ आणि रिव्हर्स आयडल −०.६१ ते −०.५५. मध्ये ०.०२ ची मोकळी फट राहिली. दांडी थरथरणारी असती तर इतका अरुंद पट्टा पुरला नसता. तेव्हा मी रिव्हर्स आयडलची जागा हाताने थोडी खाली, −०.६५ ला लिहिली असती. खाच जाणवते तिथे आकडा असलाच पाहिजे असा काही नियम नाही.

फुल रिव्हर्सचा आकडा −१ च्या अगदी टोकावर असेल तर पट्टा थोडा वाढवा, म्हणजे दांडी आदळायची गरज पडत नाही. मग सेव्ह आणि अप्लाय. सेव्ह न करता पान बंद करून पुन्हा पहिल्यापासून मोजणी करणाऱ्यांत मीही आहे.

जी विमानं असं पान देत नाहीत त्यांच्यासाठी एफएसयूआयपीसी हे पीट डाउसन यांनी सुरू केलेलं जुनं, भरवशाचं साधन आहे. एमएसएफएससाठी त्याची सातवी आवृत्ती. त्यात अक्षाच्या नेमणुकीत दांडी हलवायची, थेट एफएसयूआयपीसीच्या कॅलिब्रेशनकडे पाठवायची आणि थ्रॉटल १ निवडायचा. मग जॉयस्टिक कॅलिब्रेशनचं तिसरं पान, जिथे प्रत्येक इंजिनाचा थ्रॉटल वेगळा आहे. 'नो रिव्हर्स झोन'चा चौकोन भरलेला असेल तर तो काढा. दांडी पूर्ण खाली नेऊन रिव्हर्सचा आकडा नोंदवा. आयडलला दोन आकडे लागतात, खाचेची खालची कड आणि वरची कड. दांडी खाचेत दोन्हीकडे हलकेच हलवून एकेक नोंदवा. शेवटी माथ्याचा. आयडलचे दोन आकडे घेण्यातच या साधनाचं शहाणपण आहे, थरथरणारी दांडीसुद्धा त्या दोन कडांच्या आत गप्प बसते. तोच अक्ष सिम्युलेटरच्या स्वतःच्या कंट्रोल्समधून मात्र काढून टाका.

साधी सरकपट्टी असेल तर

जॉयस्टिकवर अंगठ्याशी किंवा पुढच्या बोटाशी एखादं बटण रिकामं ठेवा आणि त्याला 'होल्ड थ्रॉटल रिव्हर्स थ्रस्ट' द्या. टेकल्यावर पट्टी तळाला, बटण दाबून धरा, पट्टी पुढे. थांबताना उलट क्रम: आधी पट्टी तळाला, मगच बटण सोडा. क्रम चुकला तर पुढे असलेली पट्टी सरळ पुढची ताकद देईल. दोन दिवसांत हाताला सवय होते.

एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरमध्येही हीच दोन माणसं वेगळ्या नावांनी आहेत: रिव्हर्सर टॉगल करणारी आज्ञा आणि रिव्हर्स जास्तीत जास्त धरून ठेवणारी आज्ञा. दुसरी खाचेखालच्या बटणाला उत्तम बसते, कारण ती दांडी कुठे आहे हे विचारतच नाही. दाबलं की पूर्ण रिव्हर्स, सोडलं की गेला. मधलं काही नाही.

टर्बोप्रॉपवाल्यांसाठी थोडं

कॅरॅव्हॅन आणि किंग एअरमध्ये जोडणी हीच, आयडलखालचा पट्टा तोच. पण वापर वेगळा. टॅक्सी करताना वेग आवरायला दांडी थोडी बीटात नेतात, ब्रेक कमी लागतात. बटणवाल्या दांडीवर 'डिक्रीज थ्रॉटल' पायरीपायरीने खाली जात थेट पूर्ण रिव्हर्सला पोचतं, त्यामुळे थोडा बीटा धरून ठेवणं जमत नाही. टर्बोप्रॉप मन लावून उडवायचं असेल तर अक्षावर रिव्हर्स असलेली दांडी घ्या, असंच मी सांगेन. आणि हवेत असताना दांडी आयडलखाली जाणार नाही याची काळजी घ्या. खऱ्या विमानात त्यासाठी यांत्रिक अडसर असतो, तुमच्या टेबलावर फक्त प्लॅस्टिकची खाच आहे.

चाचणी

आधी जमिनीवर. विमान धावपट्टीच्या टोकाला, पार्किंग ब्रेक लावलेला, इंजिनं चालू. एका वेळी एकच दांडी खाली न्या. ए३२० च्या वरच्या मधल्या पडद्यावर एन१ च्या (इंजिनाच्या पंख्याचा वेग दाखवणाऱ्या) चक्रात 'आरईव्ही' ही अक्षरं येतात. दारं हलत असताना पिवळट, पूर्ण उघडली की हिरवी. हिरवी झाल्यावरच जोर वाढला पाहिजे. ७३७ वरही रंगांचा क्रम हाच. परत आयडलला आणा, अक्षरं पूर्ण गेली का बघा. मग दुसरी दांडी, मग दोन्ही.

आता मुद्दाम त्रास द्या. दांडी खाचेतून पाच वेळा भराभर खालीवर करा. शेवटी आयडलला ठेवल्यावर थ्रॉटलचा आकडा शून्यावर येतो का? माझं टॉगलचं प्रकरण या एका चाचणीत उघडं पडलं असतं.

मग उतरून बघा. ए३२० वीस फुटांवर 'रिटार्ड' (दांडी मागे घ्या) म्हणून ओरडतं, तोवर दोन्ही दांड्या आयडलला येत असाव्यात. मुख्य चाकं टेकली की लगेच रिव्हर्स घ्या, नाकाच्या चाकाची वाट बघायची नाही. रिव्हर्सचा खरा उपयोग जास्त वेगात आहे. ७० नॉट्सला रिव्हर्स आयडलला या आणि टॅक्सीच्या वेगाला पोचेपर्यंत पूर्ण बंद करा. ७३७ वर ६० नॉट्सपासून कमी करत यायचं. कमी वेगात जोरात रिव्हर्स ठेवला तर खरं इंजिन आपणच उडवलेली धूळ-खडी गिळू शकतं. कोरडी, लांब धावपट्टी असेल तर पुष्कळदा फक्त रिव्हर्स आयडलवरच काम भागवतात. पुण्याची साधारण अडीच किलोमीटरची धावपट्टी आणि पावसाळा असेल, तर मी पूर्ण घेतो.

या टप्प्यावर एक लक्षण हमखास दिसतं: रिव्हर्स लागतो, पण पंखांवरचे स्पॉइलर (हवा अडवणाऱ्या फळ्या) उभे राहत नाहीत. सगळे स्पॉइलरच्या दांडीला दोष देतात. बघा, दुसऱ्या इंजिनाची दांडी खरोखर आयडलवर आहे का. ए३२० वर स्पॉइलर उघडायला दोन्ही दांड्यांची जागा बरोबर असावी लागते. थरथरणारी दांडी आयडलच्या पट्ट्याबाहेर केसभर जरी राहिली, तरी विमानाला वाटतं की एका इंजिनाला अजून पुढे जायचंय. १७ जुलै २००७ ला ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या काँगोन्यास विमानतळावर टाम कंपनीचं ए३२० ओल्या धावपट्टीवरून थेट बाहेर गेलं आणि १९९ जण गेले. एका इंजिनाचा रिव्हर्सर आधीच बंद ठेवलेला होता, त्या इंजिनाची दांडी क्लाइंबच्या जागी राहिली आणि स्पॉइलर उघडले नाहीत. आपल्याकडे तेच लक्षण पट्टा ०.०१ ने रुंद केल्यावर जातं.

दुसरी सवय आत्ताच लावून घ्या. एकदा रिव्हर्स घेतला की परत उडायचा विचार रद्द, थांबायचंच. सिम्युलेटरमध्ये 'जमतंय का बघू' म्हणून दांडी पुन्हा पुढे ढकलायचा मोह होतो. २२ मे २०१० ला मंगळूरच्या टेकडीवरच्या धावपट्टीवर एअर इंडिया एक्सप्रेसचं ७३७ उशिरा टेकलं, रिव्हर्स घेतला गेला आणि त्यानंतर परत उडायचा प्रयत्न झाला. १५८ जण गेले. दारं परत मिटायला वेळ लागतो आणि तेवढ्यात धावपट्टी सरते.

अजून काही बिघडलं असेल तर

फक्त एकाच इंजिनाला रिव्हर्स लागत असेल तर आज्ञांमधला आकडा बघा. 'डिक्रीज थ्रॉटल १' दोन्ही बटणांना दिलेलं असतं, हे नेहमीचं. रिव्हर्स हवेतच लागायचा प्रयत्न करत असेल तर आयडल आणि रिव्हर्स आयडल यांमधली फट मोजा. खऱ्या विमानात अशा वेळी अडवणूक असते. ७३७ वर विमान जमिनीवर असल्याचं किंवा उंची १० फुटांखाली असल्याचं कळल्याशिवाय रिव्हर्सर हलत नाही. पण सिम्युलेटरमधली सगळी विमानं इतकी शहाणी नसतात. पुढच्या उड्डाणाला दांडी पुढे केल्यावर विमान मागे सरकायला लागलं तर कुठेतरी टॉगल चालू राहिलंय. आणि सगळं काल नीट चालत होतं, आज चालत नाही, असं असेल तर यूएसबीची वायर काल ज्या भोकात होती त्याच भोकात आहे का, ते आधी बघा.